पाय गरम आहेत ना

माझी आई भित्री आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि माघारीही सांगते. तिला वाईट वाटत असेल तर ती तसं बोलत नाही, कारण बोलायचीही तिला भीती. गॅस बंद केला का ते बघायला ती कोपऱ्यावरून परत येते. कुलूप लावलं की ओढून ओढून बघते आणि मग शेजारणीला ओढून बघायला सांगते. जिना उतरताना "हळू", रस्ता ओलांडताना "हळू", हातात चहा दिला तरी "हळू गं, गरम आहे." अगं, चहा गरमच असतो! बाबा होते तेव्हा म्हणायचे, "हिच्याकडे यायचं तर भुतानंसुद्धा आधी कडी वाजवावी."

आयुष्यभर तिनं कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं केली. तिचा दोरा सुईत पहिल्या झटक्यात जायचा, आजही जातो. पण त्याच हातांत तान्हं मूल दिलं की हात थरथरायला लागायचे. मी झाले तेव्हा थोरली काकू म्हणाली, "दे इकडं, पाडशील पोरीला." आईनं दिलं. एकदा दिलं ते दिलंच. मला न्हाऊ घातलं काकूनं, भरवलं काकूनं, पडले-झडले की मी काकूच्याच कुशीत शिरायची. आई कामावरून यायची आणि लांबूनच बघायची. फक्त मी झोपले असं वाटलं की हळूच जवळ यायची आणि माझ्या तळपायांना हात लावायची, एकदा या पायाला, एकदा त्या पायाला. बरेचदा मी जागीच असायचे. आधी गुदगुल्या व्हायच्या, पुढं पुढं राग यायला लागला. एवढंच जमतं का हिला, असं वाटायचं.

मला मुलगी झाली तेव्हा काकू नव्हती, बाबा नव्हते, आई आमच्याकडेच राहत होती. मुलगी म्हणजे नुसती भिंगरी. रांगायला लागली ती थेट बादलीच्या दिशेनं. पाणी दिसलं की तिला कसला चेव यायचा कोण जाणे, हातातलं खेळणं टाकून निघायचीच. सगळे तिला भिंगरीच म्हणायला लागले.

मी वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची बोलणी खाते आणि थोडी परतही करते. माझी रजा संपत आली होती. जवळच्या पाळणाघरात वर्षभर तरी जागा होण्याची चिन्हं नव्हती. घरात माणूस म्हणावं तर आई, आणि आईनं भिंगरीला एकटीनं कधी मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं. मी अंघोळीला गेले तरी ही दाराबाहेर येऊन उभी.

"झालं का गं? ती हलतेय."

"मूल आहे, हलणारच!" मी आतून ओरडायचे.

सासूबाई दुसऱ्या गावी राहतात, चांगल्याच लांब. बाई मायाळू आहेत, खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, शाळेत जाईपर्यंत ठेवा माझ्याकडं. नवरा म्हणाला, तेच बरं. मीही म्हटलं तेच बरं, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. भिंगरी तिकडं गेली तर मला सुट्टीसुट्टीला दिसणार. पडली-झडली की दुसऱ्याच कुणाच्या कुशीत शिरणार, आणि मी आले की लांबून बघणार, ही कोण बाई म्हणून. ते कसं असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तशीच वाढले होते.

आईनं हे सगळं ऐकलं होतं. मग एकदा शेंगा सोलता सोलता खालमानेनंच म्हणाली, "मी शिकले तर?"

"काय शिकलीस तर?"

"मुलं सांभाळायला. त्या पाळणाघरात वर्ग चालतो, हातानं करून शिकवतात. शेवटी परीक्षा असते. पास झाले तर ठेवशील तिला माझ्याकडं?"

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "पास झालात तर ठेवू की, आई." होणार थोडीच, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. माझ्याही चेहऱ्यावर वेगळं काही नसणार. पण शब्द दिला गेला, आणि माझी आई शब्द विसरत नाही.

वर्गात सगळ्या कोवळ्या पोरी, कॉलेज सोडून आलेल्या. त्यांत ही पिकल्या केसांची. पहिल्याच दिवशी पोरींनी तिचं नाव ठेवलं हळूबाई. शिकायला एक रबरी बाहुली होती, पोटात वाळू भरलेली, खऱ्या बाळाइतकी जड. मान धरली नाही तर मान लुळी पडायची. आईच्या हातून ती पहिल्याच दिवशी पडली. सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. आईनं तिला उचललं, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "लागलं का गं?" मग तर हसून हसून पोरींची मुरकुंडी वळली. हे सगळं तिनंच मला घरी येऊन सांगितलं, आणि वर म्हणाली, "हसू देत. बाहुली फुटली नाही हे नशीब."

घरी तिनं तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळली आणि तिचं बाळ केलं. खांद्यावर घे, पाठ थोपट, कुशीवरून उताणं कर, सगळं त्या पिशवीवर. "तांदळाला सर्दी होईल, टोपी घाल," मी म्हणायचे. ती खरंच टोपी घालायची. गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा तेही शिकवलं होतं. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात धरायचं आणि फुंकर मारायची ती नुसत्या गालातली, छातीतली नाही, कारण बाळाची छाती एवढीशी असते. ते ती ओट्याशी उभी राहून करायची, गाल फुगवून, हवेत. भिंगरी खिदळायची. मीही हसायचे.

हात थरथरायचे थांबले नाहीत. पण थरथरत्या हातांनी कामं व्हायला लागली. बाईंनाही ते मान्य होतं. बाई म्हणजे वर्गाच्या बाई, शिकवणाऱ्याही त्याच आणि परीक्षा घेणाऱ्याही त्याच. कडक होत्या, पण उगाच कुणाला टाकून बोलणाऱ्या नव्हत्या. आईवर त्यांचा राग होता तो एकाच गोष्टीसाठी. झोपलेल्या प्रत्येक मुलाचं पांघरूण बाजूला करून आई तळपायाला हात लावायची.

"अहो आजी, डोळे कशाला दिलेत?" बाई म्हणायच्या. "छाती वरखाली होतेय का ते बघायचं. झोपलेल्या मुलाला हात लावायचा नाही, ते जागं होतं. एक जागं झालं की सगळी उठतात."

"दिसतं हो बाई. पण खात्री वाटत नाही."

"परीक्षेत हात लावलात तर मी नापास करीन. आत्ताच सांगून ठेवते."

मीही आईला दम भरला. तो हात खिशात ठेव, बांधून ठेव, काय वाटेल ते कर, पण एवढ्या एका खोडीपायी सगळं घालवू नकोस. ती हो म्हणाली.

परीक्षा सुट्टीच्या दिवशी होती. पाळणाघराची नेहमीची मुलं येणार नव्हती, म्हणून शिकणाऱ्यांच्या घरची आणि शेजारपाजारची तान्ही गोळा केली होती. मी भिंगरीला घेऊन गेले. ज्याचं त्याचं मूल ज्याच्या त्याच्या वाट्याला द्यायचं नाही, असा नियम होता, त्यामुळं भिंगरी गेली दुसऱ्याच मुलीकडे. ती वर्गात पहिली येणारी, चटपटीत, पोरी तिला टॉपर म्हणायच्या. मला बरंच वाटलं. आईबापांना आत सोडत नव्हते. अंगणाला तारेची जाळी होती, तिच्याबाहेर आम्ही उभे. खिडकीतून थोडं दिसत होतं. बाकीचं मला नंतर कळलं, काही आईकडून, काही त्या टॉपरकडून.

आत एक लांब खोली होती. भिंतीला लागून आठ कॉट, आठ मुलांच्या. सगळ्यांना सारखीच पिवळी दुपटी, सारख्याच पिवळ्या टोप्या, पाळणाघराच्या. एका कोपऱ्यात भरवायची चटई. पलीकडे अंघोळीची खोली, तिला दार नव्हतं, नुसती चौकट. तिथं जमिनीवर टब.

आईचा नंबर आधी लागला. बाहुलीला अंघोळ घालायची होती. तिनं कोपरानं पाणी बघितलं, मान धरली, कानांत पाणी जाऊ दिलं नाही. बाहुली पुसली, गुंडाळली, टोपी घातली. बाई म्हणाल्या, छान, आता झोपवा. नियम असा की आधी बाळ सुरक्षित जागी ठेवायचं आणि मग टब रिकामा करायचा, कारण बाळ कडेवर घेऊन पाणी ओतायला गेलं की घसरायला होतं. आईनं नियम पाळला. एक कॉट रिकामी दिसली, तिथं तिनं बाहुलीला उताणं ठेवलं, दुपटं नीट खोचलं. ती कॉट भिंगरीची होती. भिंगरी त्या वेळी चटईवर बसून टॉपरच्या हातून पेज खात होती.

पेज संपली. टॉपर भिंगरीला निजवायला उठणार, तर कॉटमध्ये कुणीतरी झोपलेलं. तिला वाटलं, दुसऱ्या मुलीनं चुकून आपलं बाळ इथं ठेवलं असेल. विचारून येऊ म्हणून तिनं भिंगरीला चटईवरच बसवलं, हातात खुळखुळा दिला. आणि ती उठली तोच घंटा झाली.

घंटेचीही परीक्षाच होती. आग लागली असं समजायचं. हातातलं काम जिथल्या तिथं टाकायचं, कॉटमधली सगळी मुलं चाकांच्या मोठ्या कॉटमध्ये घालायची आणि अंगणात आणायची. दुसरी घंटा होईपर्यंत कुणी परत आत जायचं नाही. आई टबाकडेच निघाली होती, ती अर्ध्यातून वळली. टॉपरही धावली. कॉट रिकाम्या करायच्या, मुलं मोजायची. कुणी कुणाला उचललं हे बघायला वेळ कुणाला होता? चटईवरच्या मुलीला कुणीतरी घेतलंच असेल, असं तिनं धरलं.

दोन मोठ्या कॉट गडगडत अंगणात आल्या. पोरी धापा टाकत होत्या. टॉपरनं बोट फिरवत मोजलं, "आठ." बाईंनी पुन्हा मोजलं, "आठ. शाबास, पटकन झालं."

मी जाळीला नाक लावून उभी होते. पिवळ्या टोप्यांमध्ये माझी कुठली ते शोधत होते. कडेला एक टोपी जरा तिरकी झाली होती, भिंगरीची टोपी नेहमी तशीच व्हायची. म्हटलं, ही बघा माझी बाय, एवढ्या गडबडीत कशी शहाण्यासारखी झोपलीय! मी तिला हात हलवला. टाटा केला. शेजारच्या बाईला कौतुकानं म्हटलं, "ती माझी."

आणि तेवढ्यात मला आईचा हात दिसला. ती वाकली होती. बाईंची पाठ वळल्याचं बघून ती एकेका दुपट्याखाली हात घालत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता? आता शेवटच्या क्षणाला? नको गं, नको, असं मी दात-ओठ खाऊन पुटपुटत होते. तिनं पहिल्याला हात लावला, पुढच्याला लावला. एक बाळ कुरकुरलं. बाई वळल्या.

"आजी!"

आईनं ऐकलं नाही. तिचा हात त्या तिरक्या टोपीच्या बाळाच्या दुपट्याखाली होता आणि तिथंच थांबला होता. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि तिची बोबडी वळली होती. ओठ नुसते हलले.

आणि ती धावली. माझी आई, जिना धरून धरून उतरणारी, ती चप्पल तिथंच टाकून दाराकडे धावली. दारात पहारेकरी होता. "दुसरी घंटा झाली नाही बाई, आत जायचं नाही." तिनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो धडधाकट माणूस भिंतीवर आदळला.

मी डोकं धरलं. गेलं, म्हटलं. घाबरली आणि सगळं घालवलं. आता भिंगरी गेलीच दुसऱ्या गावी. त्या क्षणाला मला आईचा एवढा राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं.

बाई त्या बाळाजवळ गेल्या. त्यांनी दुपटं बाजूला केलं, टोपी काढली. रबराचा चेहरा, उघडे निळे डोळे, आभाळाकडे लागलेले.

पुढचं मला सलग आठवत नाही. जाळीवरून मी कशी गेले ते मला माहीत नाही, पोटरीवर अजून व्रण आहे. धावताना मी कान देत होते. एकदा रड गं, एकदा ओरड. रडणारं मूल म्हणजे जिवंत मूल. आतून काहीच आवाज येत नव्हता. चटईवर खुळखुळा पडलेला. त्या लांब खोलीत रिकाम्या कॉट, आणि चटईवरून अंघोळीच्या खोलीकडे जाणारे पेजेनं माखलेल्या हातांचे ठसे, एवढे एवढेसे. "नको," एवढंच मी म्हणत होते, कुणाला ते ठाऊक नाही.

आई ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. तिच्यापुढं भिंगरी उताणी, कपडे निथळत होते, ओठांचा रंग गेलेला. आईनं तिचं नाक-तोंड आपल्या तोंडात धरलं होतं. गाल फुगत होते, बसत होते. ओट्याशी उभी राहून हवेत करायची तसंच. हात थरथरत होते, अंगसुद्धा थरथरत होतं, दात वाजत होते तिचे, आणि तशीच ती फुंकर घालत होती. मी धावून पोरीला उचलायला गेले तर तिनं मला कोपरानं ढकललं. "हळू," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

भिंगरीला ठसका लागला. तोंडातून पाणी आलं, पेज आली. आईनं तिला कुशीवर केलं. आणि मग भिंगरी रडली. आधी मांजराच्या पिल्लाएवढं, मग खच्चून. मी फरशीवर बसले ती बसलेच. आईनं काय करावं? तिनं दोन्ही हातांत भिंगरीचे तळपाय धरले आणि चोळत बसली. "गार आहेत," ती म्हणत होती, "फार गार आहेत गं."

दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगरीला ठेवून घेतलं, लक्ष ठेवायला म्हणून. छाती साफ होती. वाचली, असं ते म्हणाले तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. नवरा धावत आला. व्हरांड्यात बाकावर मी या टोकाला, आई त्या टोकाला. ती टॉपर भिंतीशी उभी राहून हमसाहमशी रडत होती.

"हे कुणामुळं झालं?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज फाटला होता.

बाई काही बोलणार तोच आई म्हणाली, "बाहुली मी ठेवली. पाणीही माझंच होतं."

तिला कुणी विचारलं नव्हतं. कळलंही नसतं कदाचित, त्या गोंधळात बाहुली कुणाची हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती, आणि माझ्या ओठांवर शब्द आलेही होते. तूच. तूच ठेवलीस, तुला कुणी सांगितलं होतं शिकायला. जन्मभराचा राग घशाशी आला होता. पण तोंड उघडलं आणि मला माझा स्वतःचा हात दिसला, जाळीच्या वर हलणारा.

"मी तिला टाटा करत होते," मी म्हटलं. "त्या बाहुलीला. ती माझी म्हणून मी लोकांना सांगितलं."

नवरा मटकन बाकावर बसला, आमच्या दोघींच्या मधे.

बाई पुढं घरी आल्या. पाळणाघरात आता बाहुलीला लाल टोपी असते, म्हणाल्या, आणि बाळ पुसेपर्यंत टबाजवळ दुसरी मुलगी उभी राहते, पाणी तीच ओतते. चहा घेतला नाही. मग आईच्या नजरेला नजर न देता म्हणाल्या, "आजी, मला तुम्हाला नापास करावं लागलं. हात लावलात आणि घंटेआधी आत गेलात."

"बरोबर आहे हो," आई म्हणाली.

माझं टाळकंच फिरलं. मी असं काही बोलले की ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईंनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. उलट आईच मला म्हणाली, "हळू बोल. घरी आल्यात त्या."

त्या गेल्या आणि मी स्वयंपाकाला लागले. आई कुठं दिसेना. बघते तर आतल्या खोलीत भिंगरीची बॅग उघडी, आणि ही तिची झबली घडी करून एकेक आत ठेवतेय. टोपडी, दुपटी, खुळखुळा. घड्या इतक्या नीट की दुकानातल्या वाटाव्यात.

"हे काय चाललंय?"

"पास झाले तर ठेवायचं, असं ठरलं होतं." तिनं वर बघितलं नाही. "तिकडंच पाठव तिला. तुझ्या सासूबाई खंबीर आहेत. मला फार भीती वाटते गं. मी मेले असते, तिला काही झालं असतं तर. मला आता तिच्याकडं बघायचीसुद्धा भीती वाटते."

"मला नाही वाटत?" मी ओरडले. भिंगरी दचकली. "मला झोप लागत नाही! पण तिकडं कोण घाबरणार आहे एवढं हिच्यासाठी? सांग ना! आठ म्हटलं की सगळे गप्प बसले. मी गप्प बसले. तू बसली नाहीस."

आई रडायला लागली. मी बॅग उलटी केली आणि सगळ्या घड्या पलंगावर ओतल्या. भिंगरीला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं, एकटीच्या. मग स्वयंपाकघरात निघून गेले आणि दार लोटून घेतलं. दाराच्या या बाजूला मी हातात उलथनं घेऊन उभी होते, कान टवकारून. भाजी लागली तरी हलले नाही. नवऱ्यानं सासूबाईंना फोन करून काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यानंही बॅग परत भरली नाही.

रजा संपल्यावर मी कामावर गेले. खिडकीसमोर ही रांग. पहिली काही माणसं मी कशीबशी काढली आणि घरी फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. पुन्हा लावला. वाजतोय. मोरीचं दार मी बंद केलं होतं का? बादल्या पालथ्या होत्या, मी स्वतः बघितल्या होत्या, पण एक राहिली असेल तर? समोरचा माणूस खिडकीच्या काचेवर बोटं वाजवत होता. "ओ बाई, काल संध्याकाळपासून लाइट नाही आमच्याकडं!" फोन वाजतोय. रांग मागं वाढतच होती. मी खुर्चीवरून उठले, पर्स उचलली.

"हं," आई कुजबुजली. "आत्ता झोपलीय."

"फोन का उचलत नव्हतीस?"

"हात अडकले होते. थोपटत होते."

"पाय?"

"थांब, बघते."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी उभीच होते. पाऊल वाजलं, दुपटं सरकलं, का मलाच तसं वाटलं. समोरचा माणूस आता आरडाओरडा करायला लागला होता, मागचे त्याला साथ देत होते.

"गरम आहेत," आई म्हणाली. "दोन्ही."

मी बसले. तो माणूस काचेला तोंड लावून ओरडला, "ओ बाई, ऐकू येत नाही का?"

"हळू बोला हो," मी म्हटलं, "मूल झोपलंय."